जनावरांच्या नजरेतून माणूस : चित्रकार ग्रांव्हिल

चित्रांच्या दालनात जनावरांची गर्दी लोटली आहे. गेंडा एका सोनेरी चौकटीसमोर डोळे मिचकावत उभा आहे. जिराफाला वरच्या रांगेतली चित्रे सोयीची पडतात, खालच्या रांगेसाठी मात्र त्याला मान दुमडावी लागते. नाकावर चष्मा चढवलेले माकड जाणकाराच्या थाटात बोट नाचवत काही समजावून सांगते आहे, आणि शेजारच्या दोन बदकिणी चित्रांकडे पाठ फिरवून एकमेकींच्या टोप्या न्याहाळत आहेत. बालमासिकांतून, दिनदर्शिकांवरून, भेटकार्डांवरून या जातीची हास्यचित्रे आपण अनेकदा पाहिलेली असतात. पाहतो, हसतो आणि पान उलटतो. त्या दालनात चित्रे पाहत असतात ती जनावरे. थट्टा मात्र चाललेली असते चित्रे पाहायला जाणाऱ्या माणसांची, म्हणजे आपली. हे हसताना सहसा ध्यानात येत नाही.

ही युक्ती जुनी आहे. अठराव्या शतकातील फ्रेंच चित्रकार शार्दँ याने कुंचला हातात घेतलेले माकड रंगवून आपल्याच धंद्याला चिमटा काढला होता. परंतु एखाद-दुसऱ्या माकडावर न थांबता अवघा समाजच प्राण्यांच्या रूपात उभा करणारा, आणि त्यापायी आपले सारे आयुष्य वेचणारा चित्रकार एकोणिसाव्या शतकात होऊन गेला. त्याचे नाव ग्रांव्हिल. छापील पुस्तकातील अंगरखा घातलेला ससा, टोपीवाला बेडूक, काठी फिरवणारा कोल्हा यांचे कूळ शोधत मागे गेले, तर वाट बहुधा त्याच्या मेजापाशी येऊन पोहोचते.

त्याचे खरे नाव झाँ इन्यास इझिदोर जेरार. जन्म १३ सप्टेंबर १८०३ रोजी, फ्रान्सच्या पूर्वेकडील लॉरेन प्रांतातल्या नान्सी या शहरात. आजी-आजोबा रंगभूमीवरचे नट होते आणि ग्रांव्हिल हे त्यांचे रंगमंचावरील नाव होते. वडील हस्तिदंतावर वगैरे छोट्या आकाराची व्यक्तिचित्रे रंगवीत. नातवाने चित्रकार म्हणून धारण करण्यासाठी आजोबांचे रंगमंचीय नाव निवडले, हा योगायोग मानायचा की निवड, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण घरात एका बाजूने मुखवटा आणि दुसऱ्या बाजूने चेहरा, अशा दोन परंपरा एकत्र आल्या होत्या. मुखवट्याआडचा चेहरा शोधणे हेच पुढे या मुलाचे काम ठरले.

वडिलांच्या हाताखाली रेखाटनाचे धडे घेऊन विशीच्या आसपास तो पॅरिसला आला. अंगाने किरकोळ, स्वभावाने भिडस्त, बोलण्यापेक्षा पाहण्याकडे अधिक कल असलेला हा तरुण राजधानीत पोट भरण्यासाठी मिळेल ते काम करीत होता. त्या काळी शिळामुद्रण हे नवे तंत्र पॅरिसमध्ये भरात आले होते. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा, शाई फक्त तेलकट रेषांनाच धरते, आणि मग कागदावर छाप उमटवायची, अशी ती रीत. धातूच्या पत्र्यावर चित्र कोरण्याच्या मानाने हे काम वेगाचे आणि स्वस्त होते. सकाळी घडलेल्या गोष्टीवर दोन-चार दिवसांत चित्र छापून दुकानाच्या काचेत लावता येई. व्यंगचित्राला असा वेगच हवा असतो.

१८२८ पासून पुढल्या वर्षापर्यंत त्याने शिळामुद्रित रंगीत चित्रांची एक मालिका प्रसिद्ध केली. आजच्या काळाची रूपांतरे, असा तिच्या नावाचा अर्थ. चित्रातली शरीरे माणसांची, कपडे त्या वेळच्या पॅरिसच्या फॅशनचे, दिवाणखानाही तिथल्याच मध्यमवर्गाचा. डोकी मात्र पशुपक्ष्यांची आणि कीटकांची. कोणाच्या मानेवर कोणते डोके बसवायचे, यात सारी मेख होती. घरमालक, कारकून, वकील, उपवर मुलीची आई, मिजासखोर तरुण, प्रत्येकाला त्याच्या वृत्तीला शोभेल असे तोंड मिळाले. लोक दुकानांसमोर गर्दी करून हसू लागले, आणि प्रत्येकाला त्या चित्रात आपला शेजारी दिसू लागला. स्वतःला ओळखणारे थोडेच असतात. पंचविशीतच ग्रांव्हिलचे नाव पॅरिसभर झाले.

जुलै १८३० मध्ये पॅरिसमध्ये क्रांती झाली. दहावा शार्ल पदच्युत झाला आणि लुई फिलिप गादीवर आला. नव्या राजाने आरंभी वृत्तपत्रांना मोकळीक दिली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात शार्ल फिलिपाँ या धडाडीच्या संपादकाने ला कारिकात्युर हे साप्ताहिक काढले, आणि १८३२ मध्ये ल शारिव्हारी हे दैनिक. ग्रांव्हिल आणि ओनोरे दोमिए हे या पत्रांचे बिनीचे चित्रकार. क्रांतीचे फळ श्रीमंतांनीच पळवले, हा त्यांचा रोख होता. राजाचा खाली फुगीर आणि वर निमुळता चेहरा हळूहळू नासपतीत कसा बदलतो, हे फिलिपाँने न्यायालयात रेखाटून दाखवले, आणि तेव्हापासून पॅरिसच्या भिंतींवर पोरेसोरेही नासपती काढू लागली. राजाचे नाव घ्यायचे कारणच उरले नाही. दोमिएला एका चित्रापायी तुरुंगवास घडला, फिलिपाँवर खटल्यांमागून खटले झाले. १८३१ च्या सप्टेंबरात रशियाच्या फौजांनी पोलंडचा उठाव चिरडला, तेव्हा वॉर्सात शांतता नांदत असल्याचे फ्रेंच मंत्र्याने संसदेत सांगितले. त्या शांततेचे स्वरूप प्रेतांच्या मधोमध उभ्या असलेल्या सैनिकाच्या रूपाने ग्रांव्हिलने दाखवले, आणि पॅरिसमध्येही तशीच शांतता नांदते आहे, असे सुचवणारे जोडचित्रही काढले. सरकारला हे झोंबणे अटळ होते.

२८ जुलै १८३५ रोजी राजाच्या मिरवणुकीवर एका माळ्यावरून अनेक नळ्यांच्या बंदुकीने गोळ्यांचा वर्षाव झाला. राजा बचावला, भोवतालची अनेक माणसे ठार झाली. या संधीचा लाभ घेऊन सप्टेंबरमध्ये कडक कायदे आले. त्यांत चित्रांसंबंधीचे कलम मोठे बोलके होते. छापील मताला राज्यघटनेचे संरक्षण आहे, परंतु चित्र हे नुसते मत नसून डोळ्यांवर घातलेला घाला आहे, तेव्हा ते छापण्यापूर्वी सरकारची परवानगी हवी, असा त्यामागील युक्तिवाद होता. लेखणीपेक्षा पेन्सिलीची भीती सत्तेला अधिक वाटली, ही एका अर्थाने व्यंगचित्रकारांना मिळालेली पावतीच होय. पण पावतीवर पोट भरत नाही. ला कारिकात्युर बंद पडले. राजकीय व्यंगचित्राचा रस्ता मिटला आणि ग्रांव्हिल बत्तिसाव्या वर्षी पुस्तकांच्या सजावटीकडे वळला.

वाट बंद झाली म्हणून तो जिकडे गेला, तिकडेच त्याचे खरे घर होते. १८३८ मध्ये ला फोंतेनच्या प्राणिकथांची त्याने सजवलेली आवृत्ती निघाली. या कथांशी आपल्या मराठी वाचकाचे नाते दुरून का होईना, पण रक्ताचे आहे. ला फोंतेनने सतराव्या शतकात आपल्या कथांच्या दुसऱ्या संग्रहात पिल्पे या भारतीय ऋषीचे ऋण उघडपणे मान्य केले होते. हा पिल्पे म्हणजे आपल्या पंचतंत्राच्या कथा पहलवी, अरबी, फारसी अशा भाषांची वळणे घेत युरोपात पोहोचल्या, त्या प्रवासात त्यांना चिकटलेले नाव. विष्णुशर्म्याच्या गोष्टीतले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे राजनीती बोलतात ती पशूंसाठी नव्हे, हे आपल्याकडे पोरांनाही कळते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरला सरफोजी राजांच्या आश्रयाने इसापाच्या कथा मराठीत छापल्या गेल्या, तेव्हा ग्रांव्हिल नान्सीत बालपण घालवीत होता. आणि तो पॅरिसमध्ये ला फोंतेनच्या कथांसाठी लाकडावर रेखाटने करीत असताना, १८३७ ते १८३९ या काळात लाहोरचा चित्रकार इमाम बख्श हा एका फ्रेंच संग्राहकाच्या मागणीवरून त्याच कथांची चित्रे भारतीय शैलीत रंगवीत होता. जिथून कथा निघाल्या त्या भूमीच्या कुंचल्याकडे त्या पुन्हा एकदा येऊन गेल्या, हा योग लक्षात ठेवावा असा आहे.

सरकारी कायद्याने माणसाचे चित्र काढायला बंदी होती, सिंहाचे काढायला नव्हती. प्राणिकथा जगभर टिकून राहिल्या त्या बव्हंशी याच कारणाने. तोंडावर सत्य सांगता येत नाही, तिथे ते कोल्ह्याच्या तोंडून सांगावे. ग्रांव्हिलने राजाला नासपतीतून बाहेर काढले आणि पुन्हा सिंहाच्या गुहेत बसवले, इतकेच.

पुस्तकातील चित्रांचे तंत्र निराळे होते. कठीण लाकडाच्या आडव्या कापलेल्या ठोकळ्यावर चित्रकार रेखाटन करी, मग कोरक्या कारागीर सूक्ष्म हत्यारांनी रेषा तेवढ्या उठावदार ठेवून बाकीचे लाकूड काढून टाकी. हा ठोकळा अक्षरांच्या खिळ्यांसोबत एकाच चौकटीत बसे, त्यामुळे मजकुराच्या मध्ये, परिच्छेदाच्या कडेला, कुठेही चित्र छापता येई. सचित्र पुस्तकांचे युग त्यामुळे आले. गलिव्हरचा प्रवास, रॉबिन्सन क्रूसो अशी पुस्तके ग्रांव्हिलने सजवली. मात्र रेषा त्याची आणि हात दुसऱ्याचा, ही व्यवस्था त्याला कायम सलत राहिली असावी. तो प्रत्येक रेखाटन इतके बारकाईने पूर्ण करी, की कोरणाऱ्याला स्वतःची भर घालायला जागा उरू नये.

१८४० ते १८४२ या काळात त्याचे सर्वांत लोकप्रिय काम हप्त्याहप्त्याने बाहेर आले. प्राण्यांच्या खासगी आणि सार्वजनिक जीवनातील प्रसंग, असे त्या ग्रंथाचे नाव. प्रकाशक होता एत्झेल, जो पुढे जूल्स व्हर्नच्या कादंबऱ्यांमुळे जगाला ठाऊक झाला. बाल्झाक, म्युसे, नोदिए, जॉर्ज सांद यांच्यासारख्या लेखकांनी यासाठी मजकूर लिहिला. पॅरिसच्या वनस्पती उद्यानातील प्राणिसंग्रहात जनावरे सभा भरवतात, आणि माणसाने आपल्याविषयी जे लिहून ठेवले ते पुरे झाले, आता आपला इतिहास आपणच लिहायचा, असे ठरवतात. हीच त्या ग्रंथाची बैठक. सभेत भाषणे होतात, गट पडतात, ठराव फेटाळले जातात. लोकप्रतिनिधींच्या सभागृहाशी तिचे असलेले साम्य वाचकांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. ज्यांना कधी बोलू दिले नाही, त्यांनी स्वतःची गोष्ट स्वतः सांगायची, ही कल्पना विनोदाच्या वेष्टनात आली, म्हणून ती कमी गंभीर ठरत नाही.

याच ग्रंथात कलावंत माकडाचीही एक कथा आहे. कलासमीक्षक लुई व्हिआर्दो याने ती लिहिली. तोपाझ नावाचे माकड पॅरिसमध्ये एका चित्रकाराच्या घरी राहून कलावंत होण्याची स्वप्ने पाहते. कुंचला काही त्याला वश होत नाही. मग ते दाग्युएरचे छायाचित्र घेण्याचे यंत्र घेऊन आपल्या अरण्यात परत जाते आणि पशूंची चित्रे काढून देण्याचे दुकान थाटते. दाग्युएरचा शोध १८३९ मध्ये जाहीर झालेला, म्हणजे ही थट्टा अगदी ताजी होती. आपले हुबेहूब रूप पाहायला जमलेल्या जनावरांत आणि पॅरिसमधल्या छायाचित्राच्या दुकानांत गर्दी करणाऱ्या नागरिकांत अंतर ते किती? त्यातच एक बोचरा प्रश्नही होता. डोळा आणि हात यांच्या साधनेने चित्रकार जे मिळवतो, ते यंत्र क्षणात देऊ लागले, तर चित्रकाराने करायचे काय? आज निराळ्या यंत्रांच्या संदर्भात हाच प्रश्न पुन्हा ऐकू येतो.

ग्रांव्हिलने त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या परीने दिले. यंत्र जे समोर आहे तेच दाखवणार, तेव्हा समोर नाही ते आपण दाखवायचे. १८४४ मध्ये पुस्तकरूपाने आलेले त्याचे दुसरे जग हे या उत्तराचे नाव. प्रारंभीच पेन्सिल आणि लेखणी यांचा वाद होतो. आजवर लेखणीने लिहायचे आणि पेन्सिलीने तिच्यामागून चालायचे, अशी रीत होती. पेन्सिल आता स्वातंत्र्य मागते. प्रवासाला मी निघते, परत आल्यावर तू वर्णन लिही, असा तिचा पवित्रा. प्रत्यक्षातही तसेच झाले. चित्रे आधी आणि ताक्सील दलोर या पत्रकाराने लिहिलेला मजकूर नंतर. या पुस्तकात ग्रहाग्रहांना जोडणारा लोखंडी पूल आहे, शनीचे कडे म्हणजे संध्याकाळी वारा खायला बसण्याचा सज्जा आहे, वाफेच्या यंत्रावर चालणारा वाद्यवृंद आहे. कळसूत्री बाहुल्यांचे लूव्र संग्रहालय आहे, तिथल्या चित्रांतले विषय चौकटीत मावेनासे होऊन बाहेर डोकावतात.

लूव्रची ही थट्टा समजण्यासाठी त्या काळचे वार्षिक प्रदर्शन ध्यानात घ्यावे लागते. लूव्रच्या दालनांत भिंती जमिनीपासून छतापर्यंत चित्रांनी भरलेल्या असत. सारे पॅरिस तिथे लोटे, सरदार, व्यापारी, शिंपिणी, विद्यार्थी. काहींना चित्रे पाहायची असत, पुष्कळांना आपण चित्रे पाहतो आहोत हे दाखवायचे असे. कोणते चित्र चांगले हे नाव पाहून ठरे, कोणते वाईट हे टांगलेल्या जागेवरून. ग्रांव्हिलसारख्या छापील पुस्तकांच्या चित्रकाराला त्या मोठ्या कलेच्या पंक्तीत पान मिळणे दुरापास्तच होते. तेव्हा त्याने पंगतच वेगळी मांडली आणि वाढणाऱ्यांना व जेवणाऱ्यांना सारखेच हास्यास्पद करून सोडले.

वाचकांना मात्र हे पुस्तक रुचले नाही. अंगरखा घातलेला कोल्हा कळतो. पण शनीच्या सज्जातला माणूस त्या काळाच्या फार पुढे होता. पुस्तकाला व्हावे तसे यश लाभले नाही.

घरची कहाणी याहून करुण होती. १८३३ मध्ये त्याने नात्यातल्याच आंरिएत फिशर हिच्याशी विवाह केला. तिच्यापासून झालेल्या तीन मुलांपैकी दोघे अगदी लहानपणी गेले. त्यांतल्या एकाच्या घशात पावाचा तुकडा अडकला आणि आईवडिलांच्या डोळ्यांदेखत त्याचा प्राण गेला, असे चरित्रकार सांगतात. १८४२ मध्ये आंरिएत गेली. म्हणजे ज्या वर्षी पशूंच्या सभेचा तो विनोदी ग्रंथ पूर्ण झाला आणि घराघरांत मुले ती चित्रे पाहून खिदळत होती, त्याच वर्षी त्याचे स्वतःचे घर जवळजवळ रिकामे झाले होते. दुसऱ्या वर्षी त्याने पुन्हा संसार मांडला, त्यातून एक मुलगा झाला. पण १८४७ च्या आरंभी पहिल्या पत्नीचा उरलेला मुलगाही दगावला. ग्रांव्हिल आधीच घशाच्या विकाराने आजारी होता. पॅरिसजवळ व्हांव्ह येथील एका खासगी रुग्णालयात त्याला हलवण्यात आले आणि १७ मार्च १८४७ रोजी तिथेच त्याचा अंत झाला. वय अवघे ४३.

ते रुग्णालय मनोविकारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे होते, आणि एवढ्या आधारावर एक दंतकथा उभी राहिली. ज्याने आयुष्यभर माणसांच्या धडावर जनावरांची मुंडकी लावली, फुलांना बायका केले, ग्रहांना चेंडू केले, तो अखेरीस आपल्याच कल्पनांचा बळी होऊन वेडा झाला, अशी ती कथा. तिला पुरावा म्हणून त्याची अखेरची दोन स्वप्नचित्रे दाखवली जातात. एकात खुनी माणसाचा पाठलाग एक प्रचंड डोळा करतो, दुसऱ्यात चंद्रकोर एकेक रूप पालटत आभाळात धावणारा रथ होऊन जाते. ती चित्रे त्याच वर्षी एका सचित्र मासिकात छापली गेली. पण ती नीट पाहावीत. रचना आखीव, रेषा स्वच्छ, एका रूपातून दुसरे रूप निघते त्यात तर्काची साखळी कुठे तुटलेली नाही. स्वप्नाचे चित्र काढणारा माणूस जागा असावा लागतो. मुलेबाळे आणि पत्नी गमावलेला, आजाराने पोखरलेला बाप शेवटी कोसळला, तर त्याचे कारण त्याच्या चित्रांत शोधणे म्हणजे दुःखावर अन्याय करणे होय. कलावंत वेडा होता म्हटले, की त्याने जे दाखवले ते मनावर घेण्याची जबाबदारी टळते. या दंतकथेची खरी सोय कोणाला, हे यावरून कळावे.

त्याच्या मागून त्याची सजीव फुलांची चित्रे पुस्तकरूपाने आली आणि खूप खपली. कवी बोदलेरला त्याच्या चित्रांत शिरताना अस्वस्थ वाटे, आणि तसे त्याने नोंदवूनही ठेवले. विसाव्या शतकातील अतिवास्तववाद्यांना तो आपला पूर्वज वाटला. चिंतक वाल्टर बेंजामिन याने बाजारातल्या वस्तू माणसावर कशा राज्य करू लागतात, हे ग्रांव्हिलच्या चित्रांच्या आधारे उलगडले. अ‍ॅलिसच्या अद्भुत नगरीतल्या प्राण्यांना रूप देणाऱ्या जॉन टेनियलवर त्याची छाया असल्याचे अभ्यासक मानतात. १९९१ मध्ये क्वीन या ब्रिटिश वाद्यवृंदाने आपल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनासाठी त्याच्या दुसऱ्या जगातले चित्र घेतले, तेव्हा त्याला जाऊन १४४ वर्षे झाली होती. नान्सीच्या कलासंग्रहालयात त्याची रेखाटने जतन केलेली आहेत. ज्याला मोठ्या दालनात जागा नव्हती, त्याच्यापुढे आता माणसे मान वाकवून उभी राहतात.

आपल्या समाधीसाठी त्याने स्वतःच काही ओळी योजल्या होत्या, असे सांगतात. आपण सर्व वस्तूंना जीव दिला, बोलायला आणि चालायला लावले, परंतु स्वतःचा मार्ग तेवढा आपल्याला आखता आला नाही, असा काहीसा त्यांचा आशय. त्याच्या आयुष्याकडे पाहता यात कडवटपणा आहे, पण पूर्ण सत्य नाही. यापुढे एखाद्या चित्रात चष्मेवाले माकड आणि मान दुमडलेला जिराफ दालनातून फिरताना दिसले, तर हसावे, मनमुराद हसावे. मग क्षणभर थांबून आपण त्या दालनात कुठे उभे आहोत, ते शोधून पाहावे. ग्रांव्हिलचा मार्ग तिथवर येऊन पोहोचलेला आहे.